अण्णांचं निदान

कराडला लागून असलेल्या मलकापुरात आमच्या गच्चीवरच्या दोरीला वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर बारीक काळे कण दिसायला लागले, की समजावं, कारखान्याची चिमणी पेटली. ऊसतोडीचा हंगाम असा न सांगता घरात येतो. कण झटकायला गेलं की पसरतात, आणि मग सदरा पुन्हा धुवावा लागतो. सकाळची हवा गार असते. त्या गारव्यात मळीचा गोड-आंबूस वास मिसळलेला असतो. नव्यानं कराडला आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. आम्ही त्या वासात वाढलो. शाळेत असताना तो आला की ऊस खायचे दिवस आले, एवढंच कळायचं.

अलीकडं मात्र तो वास आला की मागोमाग मला पेट्रोलचा वास येतो. कुठंही असलो तरी येतो. गावच्या घरासमोरची पत्र्याची शेड दिसते, तिच्यात उभी असलेली फिकट निळी जुनी हेरल्ड मोटार दिसते, आणि तिच्या उघड्या बॉनेटपाशी वाकलेले अण्णा दिसतात. अण्णा म्हणजे माझे वडील. त्या हंगामाला आता दोन वर्षं झाली. हा तिसरा.

अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली. ट्रक, जीप, जनरेटर, जे बंद पडेल ते चालू करायचं, एवढंच त्यांना माहीत. पेन्शन घेऊन गावी आले ते ऊस लावायला. पण ऊस काय, पाणी पाजलं की वाढतो, असं त्यांचं मत होतं. हाताला काम पाहिजे होतं. कृष्णाकाठच्या आमच्या त्या गावात मग कुणाचा इंजिनचा पंप, कुणाची लूना, कुणाचा फवाऱ्याचा पंप, सगळं आमच्या दारात यायला लागलं. मी कराडला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवतो. दर रविवारी गावी जायचो. आमचं दोघांचं बोलणं तसं कधी फार नव्हतं. जे काय होतं ते पान्याच्या मापात होतं. "दहाचा दे." "हा घ्या." "बाराचा दिलास." अशा बोलण्यात आमची दुपार सरायची आणि दोघंही समाधानानं जेवायला बसायचो.

हेरल्ड आम्हाला सांगलीत मिळाली. एका निवृत्त डॉक्टरांच्या परसात चिंचेखाली ती कित्येक वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिल्लं निघाली की न्या." आम्ही खरंच तीन आठवडे थांबलो आणि मग टेम्पोत घालून ती गावी आणली. आई दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "म्हशीची जागा गेली म्हणायची."

त्या गाडीचं बॉनेट इतर गाड्यांसारखं उघडत नाही. पुढचे दोन्ही मडगार्ड, दिवे, सगळं तोंडच्या तोंड पुढं उलटतं, आणि इंजिन चारी बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या चाकावर पाटावर बसल्यासारखं बसून काम करता येतं. अण्णांना हे फार आवडायचं. डाव्या चाकावर ते, उजव्या चाकावर मी. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले. तिला दुरुस्त करून रस्त्यावर आणली तरी तिचे नखरे काही गेले नाहीत. डावीकडं वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. आईच्या बाजूची काच वर राहावी म्हणून तिथं लाकडाची पाचर लागायची, आणि ती पाचर आईच्या पिशवीत पानसुपारीबरोबर असायची. चोक ओढल्यावर बरोबर वीस आकडे मोजायचे, एकोणीसला चावी फिरवली तर रुसायची. रस्त्यानं जाताना माणसं वळून बघायची. अण्णा सरळ समोर बघत, मान ताठ करून, रणगाडा चालवावा तशी ती चालवायचे.

सरळ समोर बघत. आम्हाला वाटायचं, ही त्यांची लष्करी ऐट आहे.

त्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. हंगाम भरात होता. शिवारात पाचट पेटवल्याचा धूर सगळीकडं, रस्त्यावर पडलेले ऊस, त्यांच्यावरून चाकं गेल्यानं झालेला चिकट चुरा, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढत मोठ्यानं गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर. अण्णा आणि आई एका साखरपुड्याहून परत येत होते. उजेड होता, पाच वाजायचे होते. डाव्या हाताला शेतातल्या वाटेवरून भरला ट्रॅक्टर डांबरीवर चढला. तो कुणालाही दिसला असता. अण्णांना दिसला नाही. आई ओरडली तेव्हा त्यांनी उजवीकडं चाक मारलं, आणि गाडी रस्ता ओलांडून पाटाच्या चारीत उतरली. आईचं मनगट मोडलं. समोरून शाळेतल्या दोन मुली सायकलवरून येत होत्या. त्यातल्या एकीची साखळी निघाली म्हणून दोघी दहा पावलं मागंच थांबल्या होत्या. नाहीतर त्या बरोबर चारीच्या तोंडाशी असत्या.

अण्णा म्हणत राहिले, "त्यानं हारन दिला न्हाई."

मी त्यांना कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यात समोरचं चांगलं दिसतं, कडेचं जातं. माणसाला स्वतःला ते उमगत नाही, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही हे तरी कसं कळणार. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी राखायची. गाडी मात्र आता नको.

परत येताना मी अण्णांना तसं म्हणालो. जेवढं धाडस गोळा झालं तेवढ्यात म्हणालो.

"डॉक्टर काय माझ्या शेजारी बसून आला हुता व्हय?" ते म्हणाले. "बर्फात गाड्या काढल्यात आमी. रस्ता दिसत न्हवता, तवा बी काढल्यात." दुसऱ्या दिवसापासून बॉनेटचा पोचा ठोकून काढायला बसले.

आई हात गळ्यात बांधून ओट्यावर बसली होती. मला हळू आवाजात म्हणाली, "दिल्या, कायतरी कर बाबा. पर त्यांना तोंडावर बोलू नको. लय लागंल त्यांना."

तिचं हे वाक्य मी पुढं कितीतरी दिवस ढालीसारखं वापरलं. आईनंच सांगितलं होतं, तोंडावर बोलू नको. खरं म्हणजे तोंडावर बोलण्याची हिंमत माझ्यातच नव्हती. पन्नाशी ओलांडलेला मी, पोरांना वर्कशॉपमध्ये दरडावणारा, आणि बापासमोर बसून "चावी द्या" एवढे दोन शब्द मला काढता येत नव्हते.

मग मी जे केलं ते असं. हेरल्डच्या इंजिनाला एक डेल्को असतो, प्लगना पाळीपाळीनं वीज पोचवणारा. त्याच्या टोपीखाली बोटाच्या पेराएवढी पत्र्याची एक डबी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. ती मेली की शेजारच्या पॉइंटवरच जाळ होतो आणि ठिणगी प्लगपर्यंत पुरी पोचत नाही. गाडी चालू होते, खोकते, धूर काढते आणि बंद पडते. मेलेली डबी आणि चांगली डबी शेजारी शेजारी ठेवल्या तरी बघून फरक कळत नाही. हे सगळं मला अण्णांनीच शिकवलं होतं.

सांगलीला माधवनगरच्या रस्त्यावर बशीरभाईंचं दुकान आहे. जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारे ते एकटेच उरलेत. त्यांचे वडील कापडगिरणीत फिटर होते. गिरणीतला हत्यारांचा हात या पोरात उतरला. हेरल्डचं सगळं वायरिंग त्यांनीच केलेलं, आणि अण्णांचा त्यांच्यावर फार जीव. मी बशीरभाईंना म्हणालो, "कॉलेजात मुलांना दाखवायला दोन-तीन मेलेले कंडेन्सर द्या." त्यांनी डबा उपडा केला आणि तीन काढून दिले. म्हणाले, "मास्तर, पोरांना सांगा, हे मेलं तरी चेहरा तसाच ठेवतंय."

त्या रविवारी अण्णा आंघोळीला गेले तेवढ्या वेळात मी डबी बदलली. पाच मिनिटं लागली. चांगली डबी खिशात घालून कराडला आणली आणि कॉलेजातल्या टेबलाच्या खणात टाकली.

पुढच्या रविवारी गेलो तर अण्णांनी शेडमध्ये गोणपाट अंथरून त्यावर हत्यारं मांडली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, जशी ते कायम मांडायचे. मला म्हणाले, "बस आत. चावी फिरव." मी फिरवली. इंजिन खोकलं. ते डाव्या चाकावर बसून टोपी काढलेल्या डेल्कोत वाकून बघत होते. "परत फिरव." मी परत फिरवली. मग ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "पॉइंटवर जाळ हुतोय बघ. कंडेन्सर गेलाय. दुसरं काय न्हाई."

बस्स. एवढ्यात. नजरेच्या कडा गेलेल्या त्या माणसानं, उभ्या उभ्या, दोन मिनिटांत सांगितलं.

मला आठवतं, त्या क्षणी मला अभिमान वाटला होता. भीती मागून आली. अजूनही तो अभिमान कुठं ठेवावा हे मला कळत नाही.

"सांगलीला जाशील तवा नवा आण," ते म्हणाले. मी नवा आणला. वाटेत गाडी थांबवून त्याच्या खोक्यातला नवा काढला आणि दुसरा मेलेला, रॉकेलनं पुसून चकचकीत केलेला, त्यात घातला. अण्णांनी तो माझ्यासमोर बसवला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. त्यांनी रिकामं खोकं उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "नवा बी कवा कवा खराब निघतो. बशीरला म्हणावं, तपासून दे."

मी पुन्हा सांगलीला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. एक मेलेला माझ्याकडं उरला होता, जायची गरज नव्हती. कदाचित कुणीतरी मला अडवावं असं वाटत असेल.

बशीरभाईंनी दोन कप चहा सांगितला. अण्णांचा निरोप ऐकून घेतला. मग म्हणाले, "मास्तर, नवा तर आठ दिवसामागं नेला तुमी. मी स्वतः तपासून दिला. आणि त्याच्या आधी मेलेले तीन नेले." ते माझ्याकडं बघत राहिले. मी मान खाली घातली. मग मीच सगळं सांगितलं. चारी, आईचं मनगट, सायकलवरच्या मुली, डॉक्टर.

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. उठून आत गेले, एक कंडेन्सर आणला, मीटर लावून तपासला आणि माझ्यापुढं ठेवला.

"हा न्या," ते म्हणाले. "अण्णांना बसवू द्या. गाडी चालू हुईल. मग त्यांच्या म्होरं बसा आणि चावी मागा. शिव्या देतील. द्या म्हणावं. महिनाभर बोलणार न्हाईत. नका बोलू म्हणावं. पर हे करू नका, मास्तर. गाडी काढून घ्यायची तर गाडी काढून घ्या. त्यांचं कसब कशाला काढून घेताय?"

मी "बरं" म्हणालो. चहा संपवला. कंडेन्सर तिथंच टेबलावर राहिला. विसरून राहिला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

गावी येऊन तिसरा मेलेला अण्णांच्या हातात दिला आणि म्हणालो, "बशीरभाईंनी मीटर लावून तपासून दिलाय."

त्यांनी तो बसवला. मी चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. लांब रस्त्यानं एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. अण्णांनी डेल्कोची टोपी हळूच परत लावली.

"बशीरनं तपासला म्हंजे प्रश्न न्हाई," ते म्हणाले. "माझं चुकलं."

त्यांच्या तोंडून "माझं चुकलं" हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

मग तो सगळा हंगाम ते शोधत राहिले. उसाचे फड एकेक करून मोकळे होत गेले, गावाभोवतीची हिरवी भिंत खाली बसत गेली, पूर्वी दिसायची नाहीत ती लांबची घरं दिसायला लागली, आणि आमच्या शेडमध्ये एक म्हातारा माणूस नसलेला बिघाड शोधत राहिला. कार्बोरेटर खोलला, पेट्रोलात धुतला, जोडला. कॉइल बदलली. प्लगच्या वायरी बदलल्या. टाकी उतरवून पालथी घातली. टायमिंग पुन्हा लावलं, एकदा नाही, चारदा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावून ते तासन्‌तास ऐकत बसायचे. मी रविवारी जायचो आणि पाने द्यायचो. "दहाचा दे." "हा घ्या." पूर्वी ते मी दिलेला पाना न बघता माप ओळखायचे. आता हातात घेऊन डोळ्यांसमोर धरून बघायला लागले. नजर तेवढी खालावली नव्हती. समोरचं त्यांना नीट दिसत होतं. स्वतःच्या हातावरचा विश्वास कमी झाला होता.

मी मनाशी ठरवलेलं असं होतं, की ते एकदा "जाऊ दे, आता नाही चालवत" म्हणाले की त्याच दिवशी गुपचूप चांगली डबी बसवायची आणि म्हणायचं, बघा, झाली चालू, आता मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. सगळं गोड होईल. माणसाला आपल्या लबाडीचा शेवट नेहमी गोडच दिसतो.

जानेवारीतला एक रविवार. शेजारचा वसंता फवाऱ्याचा पंप घेऊन आला. लहानपणापासून त्याच्या घरचं प्रत्येक यंत्र अण्णांच्या हाताखालून गेलेलं. पंप ओट्यावर ठेवत म्हणाला, "अण्णा, चालूच हुईना झालाय. बघा की जरा."

अण्णांनी पंपाकडं बघितलं. दोरी हातात धरली. ओढली नाही.

"कराडला ने," ते म्हणाले.

"आवं, एवढ्यासाठी कराडला? तुमी हात लावला की चालू हुईल."

"न्हाई रं. माझ्या हाताला आता काय कळत न्हाई. उगं बिघडायचा आणि."

वसंता माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं. पंप घेऊन तो निघाला तेव्हा अण्णा त्याच्या पाठीकडं बघत होते, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून अण्णांकडं बघत होती. त्यानंतर आमच्या दारात कुणी यंत्र आणलं नाही. गावात गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. त्याच दुपारी. वसंता अजून गल्लीच्या टोकाशी पोचला नसेल, त्याला हाक मारून परत बोलवता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण तोवर प्रश्न अण्णांच्या गाडी चालवण्याचा उरलाच नव्हता. प्रश्न माझ्या तोंडाचा झाला होता. सांगितलं असतं तर त्यांना त्यांचे हात परत मिळाले असते आणि माझी त्यांच्या डोळ्यांतली जागा गेली असती. मी माझी जागा राखली.

हंगाम संपता संपता, कारखान्याची चिमणी बंद व्हायच्या सुमाराला, त्यांनी एका रविवारी हत्यारं मांडली नाहीत. गोणपाट घडी घालून ठेवलेलं होतं. मी गेलो तर ते ओट्यावर बसले होते. खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटवली.

"तूच बघ आता तिचं," ते म्हणाले. "कुणी चांगला माणूस भेटला तर देऊन टाक. माझं शिकल्यालं संपलं."

मला पाहिजे होती ती चावी ही. चार महिने मी तिची वाट बघितली होती. तिला त्यांच्या खिशातली ऊब होती. मी म्हणालो, "बघू." बस्स, एवढंच म्हणालो.

वैशाखात एका दुपारी ते जेवून पडले ते उठले नाहीत. झोपेतच गेले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही.

तेराव्यानंतर मी कॉलेजातल्या खणातून ती चांगली डबी आणली आणि बसवली. चोक ओढला, वीस मोजले, चावी फिरवली. पहिल्या फेरीत गाडी चालू झाली. इतकी सुरेख, इतकी एका सुरात चालली, की मला ती बंद पडावी असं वाटलं. चार महिन्यांत अण्णांनी तिचं सगळं इतकं निगुतीनं पुसून, लावून, जुळवून ठेवलं होतं की ती पूर्वी कधी नव्हती एवढी चांगली झाली होती.

आवाज ऐकून वसंता आला. "आयला, चालू झाली. काय हुतं रं हिला?"

"एक वायर सुटली होती," मी म्हणालो.

"एवढंच? मग अण्णांना कशी दिसली न्हाई?"

आणि मी म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं."

कंडेन्सर बदलण्यामागं निदान काही कारण होतं. दोन मुली होत्या, आईचं मनगट होतं. त्याबद्दल मी देवासमोरही थोडाफार उभा राहू शकेन. या वाक्याला कसलंच कारण नव्हतं. ते ऐकायला अण्णा नव्हते, त्यांना कुठं जाण्यापासून थांबवायचं नव्हतं. तरी मी म्हणालो. आणि वसंतानं मान हलवली, व्हय, म्हणाला, शेवटी शेवटी तसं झालंच हुतं त्यांचं. हां हां म्हणता गावात तेच ठरून गेलं. अण्णा मोठे मेस्त्री, पण शेवटी हात गेला. साधी सुटलेली वायर दिसली नाही.

गाडी मी मलकापूरला आणली. आईही माझ्याकडं राहायला आली. कधीमधी रविवारी सकाळी मी हेरल्ड घेऊन कृष्णा-कोयनेच्या संगमाकडं जातो. पोरं फोटो काढतात. कुणी विचारतं, कुठं बनवून घेतली? मी सांगतो, वडिलांनी केली. मग ते म्हणतात, वा, काय हात असेल. मी डावीकडं वळतो आणि हॉर्न आपोआप वाजतो.

बशीरभाई मातीला आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतर वायरिंगच्या कामासाठी मी दोनदा त्यांच्याकडं गेलो. चहा सांगतात, काम करतात. कंडेन्सरचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी एकदा रागानं बोलावं असं मला वाटतं, पण ते तसे नाहीत.

यंदा हंगाम सुरू झाल्यावर गेल्या रविवारी मी खाली गाडीशी काम करत होतो. आई खुर्ची टाकून उन्हाला बसली होती, पावट्याच्या शेंगा सोलत. तिचं ते मनगट थंडीत दुखतं, म्हणून सकाळचं ऊन तिला लागतं. शेंगा सोलता सोलता तिनं सहज विचारलं, "काय रं, तवा ह्या गाडीला झालं तरी काय हुतं? वसंता म्हणतो, वायर सुटली हुती."

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो की त्याला घाबरत होतो, माहीत नाही. मी चाकावर बसलेलो होतो. तिथूनच सगळं सांगितलं. तीन मेलेले कंडेन्सर, बशीरभाईंच्या नावानं दिलेली थाप, टेबलावर राहिलेली डबी. ती कंडेन्सर म्हणजे काय हे विचारेल असं वाटलं होतं. तिनं नाही विचारलं. अण्णांबरोबर पन्नासाहून जास्त वर्षं काढलेली बाई, तिला शब्द तरी माहीत असणारच.

तिचे हात थांबले होते. ती म्हणाली, "त्यांना सांगायचं हुतंस. आता मला सांगून काय उपेग?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"म्या म्हणलं हुतं, तोंडावर बोलू नको," ती म्हणाली. "ते बी चुकलंच."

मग पुन्हा एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "त्यांनी पयल्याच दिवशी वळखलं हुतं?"

"पहिल्याच दिवशी. दोन मिनिटांत."

"कंडेन्सर म्हणाले?"

"कंडेन्सर गेलाय, दुसरं काय न्हाई. असंच म्हणाले."

तिनं पदर तोंडाला लावला. दिवसभर ती माझ्याशी काही बोलली नाही. जेवायला वाढलं, स्वतः जेवली, संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, सगळं नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघालो तर ती फोन घेऊन बसली होती. तिला नंबर लावता येत नाहीत. म्हणाली, "वसंताला लाव." मी लावून दिला आणि चपला घालायला वळलो, तर तिचं बोलणं ऐकू आलं.

"वसंता, मी काकी बोलती. ऐक. त्या गाडीची वायर बियर काय सुटली न्हवती... न्हाई रं. कंडेन्सरच गेला हुता. तुझ्या काकांनी पयल्याच दिवशी बरोबर सांगितलं हुतं... व्हय, पयल्याच दिवशी. आनलेला नवा खराब निघाला, त्याला ते काय करणार?... कुणी आनला ते जाऊ दे. त्यांचं चुकलं न्हवतं, एवढं ध्येनात ठेव. आणि पारावर बसतोस न्हवं, तिथं सांग सगळ्यांस्नी."

तिनं फोन खाली ठेवला. मी दारात एक चप्पल घालून उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. फोन नुसता माझ्यापुढं धरला.

"आता तुझ्या आत्तीला लाव," ती म्हणाली. "मग सरपंचाला. मग त्या पाटाकडंच्या म्हादूला, त्याचं इंजिन ह्यांनीच बसवलं हुतं."

मी चप्पल काढली, तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि एकेक नंबर लावून देत राहिलो.